कॉमचेकमध्ये पास, रिव्ह्यूत नापास: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : खराडीत एका इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या ऑफिसात आहे, आमचं सगळं काम अमेरिकेतलं. शिकागोजवळच्या एकमजली दुकानांच्या गाळ्यांचं कॉमचेक, म्हणजे सॉफ्टवेअरमधली एनर्जी कोडची तपासणी, माझ्याकडे आलं. पहिल्यांदा भरलं तेव्हा एन्व्हलप (भिंती, छत, काच असं बाहेरचं कवच) उणे ९ टक्के, म्हणजे फेल. सिनिअर म्हणाले काच बघ जरा, होईल. मग काच कंपनीच्या ब्रोशरमधून यू-फॅक्टर (काचेतून उष्णता किती आरपार जाते तो आकडा, कमी तितका चांगला) ०.२९ टाकला आणि लगेच अधिक ४, पास. पाठवून दिलं, तर तिकडच्या प्लॅन रिव्ह्यूअरने, म्हणजे परमिटआधी ड्रॉइंग तपासणाऱ्याने, परत पाठवलं. सॉफ्टवेअर पास म्हणतंय तर हा माणूस कोण नाही म्हणणारा?
– खराडीहून एक वाचक

उत्तर : तो माणूस ड्रॉइंग उघडून बघणारा. सॉफ्टवेअर तुमचं ड्रॉइंग बघत नाही हो, तुम्ही टाइप केलेलं बघतं, एवढाच फरक.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते, कॉमचेक हे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं फुकट टूल आहे, पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने बनवलेलं. तिथल्या कमर्शियल बिल्डिंगा आयईसीसी किंवा अ‍ॅश्रे ९०.१ या एनर्जी कोडात (ऊर्जा वाचवण्याच्या नियमांत) बसतात की नाही ते त्यात तपासतात आणि निघालेलं सर्टिफिकेट परमिटच्या ड्रॉइंगसोबत जमा करतात. वर्षभराचं वीजबिल वगैरे ते काढत नाही, तो गैरसमज बऱ्याच जणांचा असतो.

आता तुमची काच. ब्रोशरमधला ०.२९ हा बहुतेक करून काचेच्या मधोमधचा आकडा असतो, फ्रेम सोडून. कोडला हवा असतो पूर्ण खिडकीचा, फ्रेमसकट. आणि दुकानाच्या दर्शनी बाजूला फ्रेम असते अ‍ॅल्युमिनियमची. चहाचं पातेलं सांडशीशिवाय उचलून बघा, अ‍ॅल्युमिनियम म्हणजे काय ते लगेच कळतं. तीच काच त्या फ्रेममध्ये बसली की ०.२९ चे आरामात ०.४० च्या वर जातात, आणि शिकागो आहे हवामानाच्या झोन ५ए मध्ये, तिथे २०१८ च्या आयईसीसीत न उघडणाऱ्या काचेला मर्यादा ०.३८. रिव्ह्यूअर रोज असे दहा कागद बघतो, त्याला ०.२९ आणि साधी स्टोअरफ्रंट फ्रेम एकत्र दिसली की तो तिथेच थांबणार.

पण मला विचाराल तर तुमचं पहिलं उणे ९ सुद्धा खरं आहे का ते आधी तपासा. भिंतीचं क्षेत्रफळ कसं टाकलंत? कॉमचेकला भिंत पूर्ण द्यायची, खिडक्या-दारांसकट, आणि खिडक्या त्या भिंतीच्या खाली वेगळ्या टाकायच्या, वजाबाकी ते स्वतः करतं. आपल्याकडची मुलं फार शहाणी, आधीच वजा करून टाकतात, मग काच दोनदा वजा होते आणि भिंत उरते एवढीशी. अशी किती कॉमचेक मी उलगडलीत त्याची गणती नाही.

दुसरं म्हणजे स्टीलच्या स्टडची (उभ्या पट्ट्यांच्या सांगाड्याची) भिंत असेल तर इन्सुलेशनचे दोन रकाने असतात, एक स्टडच्या मधल्या पोकळीतलं आणि एक बाहेरून सलग लावलेलं. इथे माझंच सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, रात्रीचे साडेदहा, तिकडच्या क्लायंटचा कॉल अकराला, आणि मी आर-१९ (आर म्हणजे उष्णतेला होणारा रोध, जास्त तितका चांगला) टाकले सलगच्या रकान्यात. अधिक १८ टक्के आले. एवढं कधी येत नाही हे तेव्हा कळायचं वय नव्हतं, उलट खुशीत सगळ्यांसाठी कॅन्टीनमधून वडापाव मागवले. तीन आठवड्यांनी शेरा आला, भिंतीच्या डीटेलमध्ये बाहेरून काहीच लावलेलं दिसत नाही, खुलासा करा. नंतर नीट भरलं तर बिल्डिंग फेल. कारण पोकळीतलं आर-१९, सोळा इंचांवर स्टील स्टड असले की प्रत्यक्षात ७ च्या आसपासच काम करतं, उष्णता स्टीलमधून सरळ पलीकडे निघून जाते. कॉमचेक हे स्वतः धरून चालतं, पण रकाना बरोबर असेल तरच. त्या टीमला वडापावची आठवण अजून आहे.

आता पास कसं करायचं, तेही नीट मार्गाने. एन्व्हलपमध्ये ट्रेड-ऑफ चालतो, म्हणजे काच थोडी कमी पडली तर छत किंवा भिंत चांगली करून भरून काढता येतं. तुमची बिल्डिंग एकमजली आहे, छत हाच सगळ्यात मोठा पृष्ठभाग. छताला तिथे सलग आर-३० लागतंच, ते ३५ केलं तर दर चौरस फुटाला फायदा अगदी थोडा पण चौरस फूटच इतके आहेत की आकडा हलतो. तरी पुरलं नाही तर भिंतीला बाहेरून सलग इन्सुलेशन, नाहीतर थर्मल ब्रेकवाली, म्हणजे मध्ये उष्णता अडवणारा तुकडा असलेली, फ्रेम. यातलं काहीही तुम्ही परस्पर ठरवायचं नाही, आर्किटेक्टला मेल टाका, तीन पर्याय आणि त्यांचे तीन निकाल सोबत जोडा, तो निवडेल, ड्रॉइंगमध्ये बदलेल, मग तुम्ही भरा. हाच क्रम. तुमच्या सिनिअरनी काढला तो उलटा क्रम आहे आणि त्या सर्टिफिकेटवर खाली लिहिलेलं असतं की हे सगळं सोबतच्या ड्रॉइंगशी जुळतं, आणि खाली सही त्यांची नसते, तिकडच्या डिझायनरची असते. हे त्यांना चहा पिताना सांगा, मेलवर नको.

प्रश्न : तयार गाळ्यात आतलं काम आहे, सिलिंग, लाइट आणि एक एसी युनिट नवीन. एन्व्हलप पण भरायचं का?
– वाकड

उत्तर : नाही. प्रोजेक्ट टाइपमध्ये ऑल्टरेशन निवडा, जे बदलताय तेवढंच भरा. लाइटचे वॅट मात्र फिक्श्चर शेड्यूलवरचेच (ड्रॉइंगमधल्या दिव्यांच्या यादीतलेच) घ्या, कॅटलॉगमधले नकोत. आणि साइट कॅलिफोर्नियात असेल तर कॉमचेक बंदच करा, त्यांचा स्वतःचा कोड, टायटल २४, वेगळा.

प्रश्न : मी आर्किटेक्ट, स्वतःची छोटी प्रॅक्टिस. बाणेरला पाच मजली ऑफिस बिल्डिंग करतोय, साधारण ६,००० चौरस मीटर, कॉन्ट्रॅक्ट डिमांड १५० केव्हीए धरलीय. क्लायंटला एनर्जी कोडमध्ये बसवून हवीय. भाचा अमेरिकन कामं करतो, म्हणतो मामा मी कॉमचेक करून देतो. चालेल का? आणि क्लायमेट झोन टेम्परेट धरायचा ना, पुण्याची हवा ती.
– बाणेर

उत्तर : भाच्याला मनापासून धन्यवाद सांगा आणि नाही म्हणा. कॉमचेकमध्ये आपला कोड नाही. आपला ईसीबीसी, म्हणजे एनर्जी कन्झर्व्हेशन बिल्डिंग कोड, ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा, आधी २००७ चा, मग २०१७ चा. १०० किलोवॅट कनेक्टेड लोड किंवा १२० केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या वरच्या बिल्डिंगांसाठी तो आहे, त्यामुळे तुमची बसते. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि कोडच्या नावात सस्टेनेबलही आलं, तेव्हा परवानगीच्या टप्प्यावर कोणती आवृत्ती धरायची ते लेखी विचारून घ्या. खालचे आकडे २०१७ चे.

आणि हवा. कसं सांगू, कोडच्या यादीत पुणं वॉर्म-ह्युमिड, म्हणजे उष्ण-दमट आहे. मुंबईच्या रांगेत. टेम्परेटमध्ये बंगलोर आहे. मलाही पहिल्यांदा वाचून वाईट वाटलं होतं, पण सॉफ्टवेअरमध्ये अभिमान टाकायचा रकाना नसतो. गंमत म्हणजे तुमच्या भिंतीला त्याने फरक पडत नाही, १०,००० चौरस मीटरच्या आतल्या ऑफिसला दोन्हीकडे यू-व्हॅल्यू (वरचा यू-फॅक्टरच, मेट्रिकमध्ये) जास्तीत जास्त ०.६३ च लागते. मोठी असती तर इथे ०.४० आणि टेम्परेटला ०.५५, तिथे महागात पडलं असतं. नऊ इंची विटेची भिंत गिलाव्यासकट २ च्या आसपास जाते, म्हणजे तिपटीहून जास्त, तेव्हा वीट एकटी चालणार नाही, एएसी ब्लॉक घेतले तरी जाडी आणि घनता बघून हिशोब करा. छताला ०.३३.

काचेला एसएचजीसी, म्हणजे उन्हाच्या उष्णतेचा आत येणारा भाग, ०.२७ पर्यंत, उत्तरेच्या काचेला मात्र आपल्या अक्षांशावर ०.५० चालतो. एकूण भिंतीच्या ४० टक्क्यांहून जास्त काच नको. क्लायंटला पश्चिमेकडे पूर्ण काच हवीय असं मी गृहीत धरते, सगळ्यांनाच हवी असते. त्याने एकूण काच ४० टक्क्यांच्या वर गेली तर नुसतं तक्त्यावरून पास होणं विसरा, मग होल बिल्डिंग सिम्युलेशनच करावं लागेल, तुमची बिल्डिंग आणि कोडप्रमाणे बेतलेली तीच बिल्डिंग, दोघींचा वर्षाचा वापर काढायचा आणि गुणोत्तर १ च्या वर जाता कामा नये. त्याला एनर्जीप्लस फुकट आहे, पुण्याची हवामानाची ईपीडब्ल्यू फाइलही मिळते, पण शिकायला वेळ लागतो, पहिल्या वेळी माणूस घ्या. काच आटोक्यात ठेवलीत तर एक साधी एक्सेल शीट पुरे.

भाच्याशी बोलताना एककं सांभाळा. त्याचा यू-फॅक्टर अमेरिकन, आपला मेट्रिक, त्याच्या आकड्याला ५.६७८ ने गुणायचं. तो भिंतीला ०.११ म्हणाला तर ते आपले ०.६२, आणि त्याचे ०.३८ म्हणजे आपले २.१६. एका बैठकीत दोन्ही बाजू ०.३८ वर खुशीत सहमत झाल्या होत्या, अर्धा तास, मी गप्प बसून बघत होते.

प्रश्न : मॅडम, बीई मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉमचेकचा कोर्स लावू का? फी जास्त सांगतायत.
– कर्वेनगर

उत्तर : कॉमचेकसाठी फी देऊ नकोस बाई, टूल फुकट, चार दिवसांत येतं. त्यापेक्षा तुझ्या घराच्या हॉलची बाहेरची भिंत घे, गिलावा, वीट, गिलावा, प्रत्येकाची जाडी भागिले वाहकता, आत-बाहेरच्या हवेचा रोध मिळव आणि यू-व्हॅल्यू हाताने काढ. २ च्या जवळपास आली तर पुढच्या महिन्यात मला लिही, मग स्टील स्टडवाली देते. ०.००३ सारखी काही आली तर मिलिमीटरचे मीटर करायचे राहिलेत.