एकही शब्द खोटा बोलला नसेल, तरी ती फसवणूक असते का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : गणपतीच्या सुमारास शेत बघायला गेलात तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली होती. विकणारा म्हणाला, "पाणी तुमच्या डोळ्यांसमोर आहे, मी वेगळं काय सांगू?" खरेदीखत झालं आणि होळीच्या आत विहिरीने तळ गाठला. शेजारी सांगतात, ती दरवर्षीच आटते. आणि घरचे म्हणतात, तो कुठे खोटं बोलला, तुम्हीच विचारलं नाही.

विहीर दरवर्षी आटते हे त्याला ठाऊक असेल, तर त्याने तुम्हाला फसवलं. यात मला जराही शंका नाही. मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करतो. जमिनीच्या व्यवहारात धडधडीत खोटं बोलणारे त्या मानाने कमीच भेटतात. नेमकं तेवढंच खरं बोलून बाकीचं गिळणारे मात्र पुष्कळ, आणि त्यांच्या हातून नाडला गेलेला माणूस स्वतःलाच दोष देत बसतो, याचा मला फार राग येतो.

खोटं बोलणं आणि फसवणं या दोन गोष्टी बरेचदा एकत्र येतात, पण एकीवाचून दुसरी असू शकते. इंग्लंडमधले दोन जुने खटले आहेत. पहिल्यात प्लिमथच्या एका ट्राम कंपनीने भागभांडवल गोळा करताना माहितीपत्रकात लिहिलं की, आम्हाला वाफेवर ट्राम चालवायचा हक्क आहे. प्रत्यक्षात त्यासाठी सरकारी खात्याची संमती लागणार होती, ती पुढे मिळाली नाही आणि कंपनी बुडाली. म्हणजे विधान खोटं होतं. तरीही १८८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं की संचालकांचा त्यावर प्रामाणिक विश्वास होता, म्हणून हे कपट नव्हे.

दुसरा खटला तुमच्या विहिरीच्या फार जवळचा आहे. रॉयल मेल ही बोटींची मोठी कंपनी होती. 'टायटॅनिक'वाली व्हाइट स्टार लाइनसुद्धा १९२७ मध्ये तिच्याकडे आली होती. १९२८ मध्ये तिने कर्जरोखे विकायला काढले आणि माहितीपत्रकात गेल्या अनेक वर्षांत दिलेला लाभांश छापला. आकडे सगळे खरे होते. सांगितलं नव्हतं ते एवढंच की, १९२१ पासून धंदा तोट्यात होता आणि तो लाभांश पहिल्या महायुद्धाच्या काळात बाजूला पडलेल्या गंगाजळीतून दिला जात होता. वाचणाऱ्याला वाटलं, कंपनी दरवर्षी कमावतेय. अध्यक्ष लॉर्ड किल्सँट यांना १९३१ मध्ये बारा महिन्यांची कैद झाली, आणि अपिलातही ती कायम राहिली. प्रत्येक वाक्य खरं होतं, तरी सगळा कागद मिळून खोटा होता.

तुमच्या विकणाऱ्याने भाद्रपदातलं पाणी दाखवलं, ते त्या लाभांशासारखंच. तुम्ही काय समजून बसाल हे त्याला कळत होतं, आणि तुम्ही तसं समजावं अशीच त्याची इच्छा होती. फसवणूक इथे झाली.

आता "मी गप्प राहिलो, बोललो कुठे?" हा बचाव. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ खाली घोड्याची उदाहरणं आहेत, आणि माझ्या मते ती सगळ्या कायद्यातली वाचनीय जागा आहे. घोड्यात खोड आहे हे माहीत असूनही मालक लिलावात काही न बोलता तो विकतो, हे कपट नाही. पण विकत घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य होतं. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन," आणि मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच. तेव्हा कोण, कोणासमोर आणि कधी गप्प राहिला हे बघावं लागतं. जमिनीच्या बाबतीत तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५, आणखी पुढे जातो : साध्या काळजीने घेणाऱ्याला कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे.

धर्मराजाचं उदाहरण तुमच्या मनात आलंच असेल. मला त्यात हत्तीपेक्षा एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. द्रोणांनी खात्री करून घ्यायला युधिष्ठिरालाच विचारलं, कारण त्रैलोक्याच्या राज्यासाठीही हा खोटं बोलणार नाही असा त्यांचा भरवसा होता. आयुष्यभराच्या खरेपणावर जमलेला तो भरवसाच त्या दिवशी शस्त्र झाला. व्यासांनीही 'हत्ती' हा शब्द हळू उच्चारल्याची सवलत त्याला दिली नाही. चार बोटं वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला.

कोर्टाचं मात्र वेगळं आहे, ते तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. पोलीस ठाण्यात गेलात तर बहुधा "हा दिवाणी वाद आहे" असं ऐकाल, जरी अप्रामाणिकपणे लपवणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूकच आहे. खरेदीखत रद्द करून मागायला, हकिकत कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. विकणाऱ्याला ठाऊक होतं हे सिद्ध करणं तुमच्यावर येईल. त्यासाठी जुने सातबारा काढा आणि बाराच्या भागातली पीकपाहणी बघा. विहीर नोंदलेली असूनही वर्षानुवर्षं एकही उन्हाळी पीक नसेल, तर तो चांगला पुरावा आहे. शेजाऱ्यांपैकी साक्षीला कोण उभं राहील, तेही आताच विचारून ठेवा. फक्त हे लक्षात असू द्या की, तोच उतारा समोरचा वकील तुमच्यापुढे धरेल आणि विचारेल, हा तर खरेदीआधीही मिळत होता, तेव्हा का नाही पाहिलात?