रिमोट नसलेलं, रबरावर उडणारं छोटं विमान घरी कसं बनवायचं?

आठवीतल्या लेकीबरोबर सुट्टीत बॅटरी-रिमोट नसलेलं विमान बनवायचंय, किट घ्यावं का आणि पुण्यात उडवायचं कुठे, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या विमानाला किट नको. किटमधल्या बारीक फासळ्या, त्यावर ताणलेला टिश्यू कागद, हे सगळं देखणं असतं, पण एवढा जीव ओतलेलं विमान सोडताना हात कचरतो. खरी मजा ट्रिमिंगमध्ये, म्हणजे विमानाचा तोल आणि वळण बारीक जुळवण्यात आहे. हातातून सुटल्यावर तुमचं काही चालत नाही. वळायचं कुठे, नाक किती वर ठेवायचं, हे सगळं आधीच ठरवून द्यावं लागतं. म्हणून एका संध्याकाळीत होईल आणि आपटलं तरी वाईट वाटणार नाही, असं विमान करा.

बाल्सा या अगदी हलक्या लाकडाची दीड मिलिमीटर जाडीची शीट घ्या. ती हॉबीच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. प्लॅस्टिकचा सहा इंची प्रॉपेलर (पुढचा फिरता पंखा) आणि तीन मिलिमीटर रुंद रबरही ऑनलाइनच मागवा. कटर, फेविकॉल वगैरे अप्पा बळवंत चौकात मिळेलच. पंख ४० सेंटिमीटर लांब, ८ रुंद. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने हव्यात. बाल्सा कापताना जोर लावलात तर पातं रेषेबरोबर भरकटतं आणि कड फाटते. नवं पातं घ्या, पट्टी घट्ट धरा आणि हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. मग पंख मधोमध कापून दोन्ही टोकं तीन-चार सेंटिमीटर वर येतील असा परत चिकटवा. विमान कलंडलं की हाच कोन त्याला सरळ करतो. तीसेक सेंटिमीटरच्या कडक बाल्सा काडीवर मागे आडवी-उभी शेपटी चिकटवा, पंख मात्र चिकटवू नका. साध्या रबरबँडने बांधा म्हणजे पुढे-मागे सरकवता येईल. काडीच्या पुढच्या टोकाला प्रॉपेलर बसवा आणि त्याच्यापासून मागच्या हुकपर्यंत रबर अडकवा. पंखाची पुढची कड दोन-तीन मिलिमीटर उंच ठेवा.

ही रचना जुनीच आहे. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसमध्ये रबराच्या पिळावर असंच विमान उडवलं होतं, ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर. राइट बंधूंच्या बत्तीस वर्षं आधी! त्याच्याही पंखांची टोकं वर वळलेली होती.

आता ट्रिमिंग. पंखाखाली दोन बोटं टेकवून तोल बघा. पुढच्या कडेपासून एक तृतीयांश रुंदीवर तो आला पाहिजे. नसेल तर नाकाला क्ले लावा किंवा पंख सरकवा. मग रबराला पीळ न देता, वाऱ्याकडे तोंड करून, नाक किंचित खाली ठेवून सोडा. फेकायचं नाही, नुसतं पुढे ढकलायचं. विमान वर चढतं, थबकतं, नाक खाली टाकतं आणि पुन्हा वर चढतं, असं झालं तर पंख जरासा मागे घ्या. सरळ जमिनीत घुसलं तर पुढे. एका वेळी एकच बदल, तोही दोन मिलिमीटरचा! मुलांना इथे धीर नसतो (बापांना त्याहून नसतो). लेकीला वही द्या, प्रत्येक बदल तिला लिहू दे.

तरंगणं जमलं की पीळ. पहिल्यांदा पन्नास-साठच फेरे. प्रॉपेलरचा पंखा मागून बघताना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत असेल, तर विमान उलट्या दिशेला, म्हणजे डावीकडे कलतं. उभी शेपटी वाकवून ते दुरुस्त करू नका, कारण मग पीळ संपल्यावर ते उजवीकडेच घिरट्या घालत खाली येईल. पंख्याच्या बुशमागे (पंख्याचा दांडा ज्यातून जातो त्या तुकड्यामागे) कार्डाचा एक कपटा सारून पंख्याचं तोंडच किंचित उजवीकडे वळवा. पीळ वाढवताना रबर ताणून धरा आणि थोडं ग्लिसरीन चोळा, जास्त फेरे मावतात.

जागेबद्दल म्हणाल, तर टेकडी नको. वेताळ टेकडीवर वारा आणि बाभळी, दोन्ही आडवे येतात. कुठल्याही कॉलेजचं मोठं मैदान, डिसेंबर-जानेवारीतली सकाळ आणि क्रिकेटवाले यायच्या आत. झाडाचं पान हलत नसेल तेव्हाच ट्रिमिंग करा. ऊन चढलं की मैदान तापून हवा वर उठायला लागते. घारी पंख न हलवता गोल फिरताना दिसल्या की समजायचं. ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेली विमानं, याच हवेवर उंची गाठतात. तुमचं हलकं विमान त्यात सापडलं तर पीळ संपल्यावरही वर जात राहील आणि शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर उतरेल. त्यामुळे पंखावर लेकीचं नाव नको, तुमचा मोबाइल नंबर मात्र ठळक लिहून ठेवा.