आईच्या गुडघ्याला डायक्लोफेनॅकचा पॅच लावायचा असेल तर

ताई, आई ऐरोलीला असतात, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याची झीज आणि बीपीची गोळी चालू. पेनकिलरने पोटात जळजळ होते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकचा पॅच आणलाय. तो रोज लावायचा का, आणि दुखणं वाढलं तर वर गोळीही घ्यायची का, हे तुम्ही विचारलंय.

गुडघ्यासाठी पॅच ही निवड चांगलीच. हा सांधा कातडीखाली लगेच असतो, त्यामुळे औषध तिथवर पोचतं. ब्रिटनमधल्या नाइस संस्थेच्या शिफारशीतही गुडघ्याच्या झिजेला गोळीआधी वरून लावायचं दाहशामक औषध आहे. कंबरेला किंवा खुब्याला मात्र मी एवढी आशा धरणार नाही. मधे स्नायूंचे जाड थर असतात, आणि नस दबून पायात कळ जात असेल तर वरून लावलेला पॅच काय करणार?

आता खोकं हातात घ्या. ठाण्यात मेडिकलच्या काउंटरवर बरीच वर्षं बसल्यामुळे मला ही सवयच लागलीय. काही पॅच दुखऱ्या जागेवर लावायचे आणि 12 तासांनी बदलायचे असतात. त्यांतून रक्तात औषध फार थोडं उतरतं. पण ऑपरेशननंतर दंडावर किंवा छातीवर लावतात तसे 24 तासांचे पॅचही आपल्याकडे मिळतात. ते औषध रक्तातूनच अंगभर पोचवण्यासाठी बनवलेले असतात. म्हणजे पोटाला त्रास झालेल्या माणसाला ते गोळीसारखेच जपून द्यायचे. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर मेडिकलवाल्याला थेट विचारा.

गोळी वर घ्यायची का? नाही. आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक ही नावं वेगळी असली तरी औषधं त्याच घरातली. सर्दी-अंगदुखीच्या गोळ्यांतही ती सापडतात. बीपीच्या काही गोळ्यांसोबत ही मूत्रपिंडावर ताण आणतात. (डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची, म्हणून 2006 मध्ये भारतात त्याच्या जनावरांवरच्या वापरावर बंदी आली. माणसाचं शरीर त्याला एवढं घाबरत नाही, पण वय झालेल्या मूत्रपिंडाला जपावंच लागतं.) दुखणं फारच वाढलं तर पॅरासिटामॉल चालतं का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी, दमा, अल्सर किंवा हृदयाची बायपास झालेली असेल, तर पॅच लावण्याआधीच विचारा.

आपल्या दमट हवेत खरी कटकट चिकटण्याची. घामाने ओला गुडघा तसाच ठेवला तर ठाणे स्टेशनच्या पुलापर्यंतही पॅच टिकणार नाही. आंघोळ आधी, नीट पुसून कोरडं करून, तेल-पावडर न लावता, गुडघा किंचित वाकवून पॅच बसवायचा. कडा सुटत असतील तर कागदी टेप लावा किंवा सैल जाळीदार बाही चढवा. वरून गरम पाण्याची पिशवी नको. उष्णतेने औषध जास्त वेगाने आत शिरतं, आणि हे आपल्याकडे हमखास होतं, कारण शेक आणि पट्टी दोन्ही एकदम करायची सवय. खरचटलेल्या कातडीवरही नको. लालसर पुरळ आलं तर पॅच काढा आणि जागा बदलून पुन्हा लावू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दुकानदाराने डायक्लोफेनॅकऐवजी कीटोप्रोफेनचा दिला असेल, तर ती जागा वापरताना आणि नंतरही 2 आठवडे उन्हापासून झाकून ठेवायची, नाहीतर कातडी भाजल्यासारखी होते.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय महिनोन्महिने लावत राहू नका. आठवडा-दोन आठवड्यांत फरक नसेल, किंवा गुडघा गरम होऊन सुजत असेल, तर ऑर्थोपेडिककडे न्या. शौच काळी झाली, पायांवर सूज आली किंवा धाप लागली, तर पॅच काढून त्याच दिवशी दवाखान्यात.

काढलेल्या पॅचमध्ये बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत दुमडून झाकणाच्या डब्यात टाका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.