आधी अर्ज, मग बाटल्या

प्रश्न (खानापूर): आमची चौघांची कंपनी आहे. उसाच्या मुळांजवळच्या मातीतून स्फुरद विरघळवणारा जिवाणू वेगळा केला. तो काकवीवर वाढवतो आणि ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीसोबत मिसळून द्रवरूप खत करतो. पुढच्या महिन्यात कृषी मेळाव्यात बाटल्या वाटायच्या आहेत. पेटंटचं नंतर बघितलं तर चालेल का?

उत्तर: नाही. बाटली लोकांच्या हाती गेली की नावीन्य संपलं. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना १२ महिन्यांची सवलत आहे. तालुक्याचा मेळावा त्यात धरू नका. शिवाय तुमच्या बाटलीतला जिवाणू कुणीही प्रयोगशाळेतल्या ताटलीवर वाढवून घेईल.

मेळाव्याआधी शोधाच्या तात्पुरत्या लेखी तपशिलासह (प्रोव्हिजनल) पेटंटचा अर्ज करा. फॉर्म २८ (लहान उद्योगाची शुल्क सवलत मागणारा) आणि लहान उद्योग असल्याचं उद्यम प्रमाणपत्र जोडलं तर ऑनलाइन शुल्क १६०० रुपये. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावाच लागतो. आणि तात्पुरत्या अर्जात जे लिहिलंच नाही, त्याला त्या अर्जाची तारीख मिळत नाही. दोन ओळींचा अर्ज म्हणजे पैसे पाण्यात.

आता मुख्य अडचण. मातीत सापडलेला जिवाणू जसाच्या तसा पेटंट होत नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(सी) आडवं येतं. नुसतं मिश्रणही कलम ३(ई) मध्ये अडकतं. मिश्रणाचा परिणाम दोन्ही घटकांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे, हे आकड्यांनी दाखवावं लागतं. म्हणून चार वाफे करा: काहीच नाही, फक्त जिवाणू, फक्त ट्रायकोडर्मा, दोन्ही. प्रत्येकाच्या किमान तीन आवृत्त्या, म्हणजे तोच वाफा तीनदा. बहुतेक जण मधले दोन वाफे गाळतात आणि पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाच्या हरकतीला उत्तर उरत नाही. द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरला दहा कोटी जिवंत पेशी हा खत नियंत्रण आदेशाचाच निकष आहे, त्यामुळे तेवढ्यावर नवेपणाचा दावा टिकणार नाही. दोन्हींचं प्रमाण, टिकवण्याचं माध्यम, वाढवण्याची पद्धत यांवर दावे बांधा. मात्र काकवीवर वाढवण्याची युक्ती गुपित ठेवायची आणि त्याच उत्पादनाचं पेटंटही घ्यायचं, हे जमत नाही. तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत तपशिलात उघड करावीच लागते.

जिवाणू नवा असेल आणि शब्दांत पुरेसा सांगता येत नसेल तर बुडापेस्ट कराराखालील (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जपून ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) संस्थेत ठेवावा लागतो. पुण्याची एमसीसी तुम्हाला जवळची, चंदीगडची एमटीसीसी दुसरी. अर्जाच्या तारखेपर्यंत ठेव झालेली हवी. कल्चरमध्ये (वाढवलेल्या जिवाणूंत) भेसळ निघाली तर नव्याने पाठवावं लागतं, म्हणून एका वसाहतीपासून पुन्हा शुद्ध करूनच पाठवा. माती कुठल्या गावची, तेही तपशिलात लिहा. ते लपवणं हे पेटंट रद्द होण्याचं कारण ठरू शकतं. पेटंट मंजूर होण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, हे जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतरचं.

प्रश्न (निपाणी): कार्यालय निपाणीत, प्रयोगशाळा कागलला. पेटंटचा अर्ज कुठे करायचा? मराठीत चालेल का?

उत्तर: निपाणीच्या पत्त्यावरून चेन्नईचं पेटंट कार्यालय. शोध प्रत्यक्ष कागलला लागला असेल तर मुंबईही चालेल. एकदा निवडलेलं कार्यालय सहसा बदलत नाही. तपशील इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी नाही, कन्नडही नाही. बाटलीवरच्या नावासाठी ट्रेडमार्क वेगळा: खत असेल तर वर्ग १, बुरशीनाशक म्हणून विकणार असाल तर वर्ग ५. लहान उद्योगाला प्रत्येक वर्गाचे ऑनलाइन ४५०० रुपये. नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये असेल तर त्याचा अर्थ आणि उच्चार अर्जात द्यावा लागतो.