गस्तीची पहिली ड्यूटी: आधी एवढंच सांभाळा

रखवालदार म्हणून गस्तीवर जाताना काठी कोणती घ्यावी, हे तुम्ही सगळ्यात आधी विचारलंत. ते सध्या राहू द्या. वापरायचं रीतसर प्रशिक्षण नसेल, तर झटापटीत काठी आपल्यावरच उलटते.

पैसे घाला ते बुटांत आणि टॉर्चमध्ये. तळ न घसरणारे बूट, आणि दोन टॉर्च. टॉर्च डाव्या हातात धरा, उजवा मोकळा ठेवा. डावखुरे असाल तर उलट.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पळणाऱ्यामागे धावतात. आपलं काम पाहणं आणि कळवणं. कपडे, अंगकाठी, गेल्याची दिशा एवढं टिपलंत तरी पुष्कळ.
- उघडं दार दिसलं की एकटेच आत शिरतात. बाहेर थांबा, वॉकीटॉकीवर जागा सांगा, जोडीदार येऊ द्या.
- रोज त्याच वेळी तोच फेरा मारतात, म्हणजे पाळत ठेवणाऱ्याला तो पाठ होतो.

वॉकीटॉकीचं मात्र मनावर घ्याच. नुसता दिवा लागला म्हणजे तो चालतोय असं नाही. मी एकदा तळघरात उतरलो, बटण दाबून बोलत राहिलो, पलीकडे कुणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. तेव्हापासून पलीकडून उत्तर आल्याशिवाय मी फेरी सुरू करत नाही, आणि आवाज कुठे पोचत नाही त्या जागा दिवसाउजेडी हिंडून वहीत लिहून ठेवतो. तुम्हीही पहिल्याच आठवड्यात तेवढं करा.