आधी दाम, मग दान

भुसावळ

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये कडेवर बाळ घेतलेल्या बाईने दुधाची पावडर मागितली, तू दुकानात जाऊन मोठा डबा घेऊन दिलास, आणि रात्री जेवून परतताना तीच बाई तोच डबा त्याच दुकानात परत करताना दिसली. तेव्हापासून तुझं डोकं फिरलंय. "काका, आता परदेशात कुणाला काही द्यायचं की नाही?" असं विचारतेस.

डब्याचं सोड. तिथला तो जुना खेळ आहे, पुष्कळ लोक त्यात फसलेत. मला खटकली ती त्याच्या वरची ओळ, जी तू हसरं तोंड टाकून लिहिलीस. टुकटुकवाल्याने, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याने, दिवसभराचे वीस डॉलर सांगितले, तुम्ही चौघींनी त्याला चौदावर आणलं.

अंगकोरच्या देवळांचं एका दिवसाचं तिकीट 37 डॉलरचं. चौघींचे झाले 148. खिडकीवर "दादा, जरा कमी करा" म्हणालीस का? निमूट मोजलेस. हॉटेलच्या बिलावरही बोलली नसशील. घासाघीस केलीस ती कुणाशी? पहाटे साडेचारला अंधारात दारापुढे येऊन उभा राहिला त्याच्याशी. तुम्ही देवळं बघत होता तेव्हा जो चार-चार तास गाडीत आंबत पडला त्याच्याशी. माणशी दीड डॉलर वाचवलात, आणि संध्याकाळी एका बाईवर दया करायला निघालीस.

आधी दाम, मग दान. एवढंच सांगायला हे पत्र आहे. पुढे लांबेल, कारण मला थोडक्यात लिहिता येत नाही.

हे तुला कळायला पाहिजे होतं, कारण तू रावेर तालुक्यातली आहेस. केळीचा भाव बऱ्हाणपूरला जाहीर होतो एक, आणि बांधावर येऊन व्यापारी देतो दुसरा. वर कापून घेतो ती कटती वेगळी. माल पिकायला आलेला, थांबवता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. तुझा बाप ओसरीवर बसून शिव्या घालायचा ते तू लहानपणापासून ऐकलंयस. आणि तोच व्यापारी सप्त्याला भंडारा घालायचा, देवळात पंखा द्यायचा, पंख्याच्या पात्यावर स्वतःचं नाव रंगवून. तुझा बाप म्हणायचा, "आमच्याच पैशाचा वारा आम्हालेच खाऊ घालतो." आता सांग, त्या पंख्यात आणि तुझ्या डब्यात फरक काय?

रागावू नकोस. मी कोणत्या तोंडाने बोलतोय तेही सांगतो.

1998 साली आम्ही पाच मित्र नेपाळला गेलो. भुसावळहून गोरखपूर, तिथून सुनौली, मग पोखरा. पूनहिलचा ट्रेक करायचा होता. भारवाहक दोन लागले असते, आम्ही एकच ठरवला. तीन पिशव्या त्याच्या पाठीवर, दोन आम्ही आलटूनपालटून. मीच हिशेब बसवला, ऑफिसात मी हिशेबाला पक्का म्हणून ओळखला जायचो. उल्लेरी गावाच्या आधी दगडी पायऱ्या लागतात, हजारोंनी, संपतच नाहीत. तो कपाळावर पट्टा अडकवून चढायचा. नाम्लो म्हणतात त्याला. ओझं डोक्याने ओढायचं, हात मोकळे. हातात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची आखूड काठी. दम लागला की ओझ्याखाली काठीचा टेकू द्यायचा आणि उभ्याउभ्याच विसावा घ्यायचा, कारण एकदा खाली बसलं की तेवढं ओझं घेऊन उठणं कठीण. पट्टा काढला की कपाळावर आडवी पन्हळ दिसायची. ती मी पाहिली. त्यानंतर त्याला चहा पाजला, आणि चहा पाजल्याचं मला फार बरं वाटलं होतं.

पैशांचं ऐक. रोजचे दोनशे ठरले होते. दोनशे म्हणजे कुठले, भारतीय की नेपाळी, हे कुणी बोललं नाही. त्याने भारतीय धरले असणार. आमच्याशी हिंदीत बोलत होता, आम्ही सगळे हिशेब भारतीय रुपयांतच करत होतो. भारताचे शंभर म्हणजे नेपाळचे 160, हा दर 1993 पासून ठरलेला, आजही तोच. सहा दिवसांचे बाराशे झाले. आम्ही बाराशे नेपाळी हातावर ठेवले. म्हणजे आपले साडेसातशे. त्याने मोजले, पुन्हा मोजले, आमच्याकडे पाहिलं आणि खिशात घातले. एक शब्द बोलला नाही. मग मी पिशवीतून माझा जुना स्वेटर काढून त्याला दिला. फोटोही काढला.

साडेचारशे रुपये, पाच जणांत. माणशी नव्वद.

परवडत नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. पाचवा वेतन आयोग नुकताच लागला होता, थकबाकी हातात पडली होती. पण हेही खरं की आम्ही पै-पै जोडून बाहेर पडलेली माणसं. आयुष्यभर भाजीवालीकडे कोथिंबीर फुकट मागितली, ती सवय सरहद्द ओलांडून बरोबर आली. लुबाडायचं म्हणून कुणी निघत नाही. बाहेरगावी सगळे आपल्याला लुटायलाच बसलेत, ही भीती घरूनच डब्यात बांधून नेतो आपण. हे मी माझ्या समर्थनासाठी लिहितोय हे मला कळतंय. लिहू दे.

आणि हो, त्या पाचांत तुझा बापही होता.

म्हणून द्यायचं की नाही हा तुझा प्रश्नच मला पटत नाही. जो तुझ्यासाठी राबतो त्याचं पुरतं दे, वेळेवर दे, न मागता दे. बाजारात वस्तूवर घासाघीस कर, हसतखेळत कर, तिथे ती रीतच आहे. माणसाच्या दिवसावर करू नकोस. त्याने जास्त सांगितलं असं वाटलं तर हॉटेलात चौकशी कर, चालू दर काय ते विचार, आणि तेवढा दे. कंबोडियात सुट्टे पैसे तिथल्या चलनात, रिएलमध्ये मिळतात, डॉलरला साधारण चार हजार, आणि जरासा फाटका डॉलर तिथे कुणी घेत नाही. तुझ्या पाकिटातली फाटकी नोट टुकटुकवाल्याच्या माथी मारलीस तर तो दिवसभर फुकट राबला. असल्या बारीक गोष्टीत माणूस ओळखू येतो, डब्यात नाही.

हे झालं की मग दान. तिथेही घाई नको. पोस्टकार्ड विकणाऱ्या पोरांकडून घेऊ नकोस. जोवर त्यांचं खपतं तोवर त्यांना शाळेत कोण पाठवेल? अनाथाश्रम बघायला तर मुळीच जाऊ नकोस. कंबोडियात अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप जिवंत असतात, पाहुणे येतात म्हणून मुलं ठेवली जातात. आपल्याकडे अजिंठ्याला हेच पाहिलंय मी. एका गोऱ्या आजोबांनी पोरांना पेनं वाटली. मारामारी झाली, एकाचा ओठ फुटला, आणि अर्ध्या तासात तीच पेनं टपरीवर विकायला. आजोबा मात्र खूश होऊन जळगावच्या गाडीत बसले. माणूस भला होता, पण नुसत्या भलेपणाने काय होतं?

सगळीकडे पैसाच लागतो असंही नाही. जपानात टीप ठेवलीस तर विसरलीस समजून परत आणून देतील. तिथे चपला नीट काढून ठेवणं, आवाज खाली ठेवणं, हेच देणं. कंबोडियात आपल्यासारखाच हात जोडून नमस्कार करतात, तो कर; पोराच्या डोक्यावर लाडाने हात ठेवू नकोस, त्यांच्याकडे डोक्याला हात लावणं वाईट समजतात. आणि कुणी ताटात काही वाढलं तर खा. आपल्याकडे भरीत-पुरीला आलेल्या पाहुण्याने "मला भूक नाही" म्हटलं की तुझी आई कसं तोंड करते ते आठव.

दिवाळीनंतर तुम्ही नेपाळला जाणार, असं शेवटी लिहिलंयस. उल्लेरीच्याच वाटेने. मग एवढं कर. भाव ठरवताना रुपये कुठले ते कागदावर लिही, दोघांनी वाचा. भारवाहकाच्या पाठीवर 30 किलोच्या वर नको, त्याचं स्वतःचं सामानही त्यातच धर. त्याने रात्री कुठे झोपायचं, काय खायचं, हे निघायच्या आधी विचार, वर पोचल्यावर नाही. जुना स्वेटर नेऊ नकोस.

आमच्याकडे एक ताणकाटा पडून होता, 50 किलोपर्यंतचा. गंज काढून तेल दिलंय. रविवारी तुझ्या बापाबरोबर पाठवतो. कशाला म्हणून तो विचारेलच. सांग त्याला, काकांनी नव्वद रुपयांचा हिशेब काढलाय. तो म्हणेल, हा बाबा उगाच जुनं उकरतो. म्हणू दे. पिशव्या टांगून बघ आणि आकडा मला कळव.

तुझा,
काका