पंधरा मिनिटं आधी

प्रिय मुली,

तुझा निरोप तीनदा वाचला. जिना चढलीस, दाराबाहेर उभी राहिलीस, आतून हसण्याचा आवाज आला आणि तशीच खाली उतरलीस. वर मलाच विचारतेस, दारू सोडायला आलेली माणसं हसतात कशाला? आत गेली असतीस तर कळलं असतं. आणि एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग सातची होती ना? मग सव्वासातला का पोहोचलीस?

पंधरा मिनिटं आधी जा. बाकीचं पत्र विसरलीस तरी चालेल.

मी दोन वर्षं मीटिंगला जाते असं सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे सुरू झाल्यावर गुपचूप शिरायचे, दाराजवळची शेवटची खुर्ची धरायचे आणि शेवटच्या प्रार्थनेला लोक उभे राहिले की सटकायचे. बाईमाणूस, कुणी ओळखलं तर? त्या लोखंडी खुर्चीच्या एका पायाचं रबर गेलं होतं. उठताना ती फरशीवर अशी किंचाळायची की बोलणारा मध्येच थांबायचा. मग मी ती अलगद उचलून, श्वास रोखून मागे सरकवायला शिकले. दोन वर्षांत तेवढंच शिकले. कुणाचं नाव माहीत नाही, कुणाचा नंबर नाही. ज्या रात्री स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायले, त्या रात्री फोन हातात होता, पण लावायचा कुणाला? पुढे वर्षभर प्यायले आणि म्हणत राहिले, गटाने माझ्यासाठी काय केलं!

मीटिंगमध्ये एकेक जण बोलतो. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. त्यामुळे ओळख होते ती आधी आणि नंतर. खुर्च्या मांडताना कुणीतरी विचारतं, ‘पहिल्यांदाच?’ तू मान हलवतेस. झालं, एवढ्यासाठीच लवकर जायचं.

एएची सुरुवातही अशीच झाली. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल नावाचा माणूस धंद्यातली फजिती घेऊन हॉटेलात अडकला होता, आणि समोर बार. बारमध्ये शिरण्याऐवजी त्याने फोन फिरवले: माझ्यासारखा एखादा दारुडा भेटवा. भेटले डॉक्टर बॉब. त्यांनी आधीच बजावलं होतं, पंधरा मिनिटांवर थांबणार नाही. बोलणं काही तास चाललं. बॉब त्यानंतरही एकदा घसरले, मग 10 जूनला शेवटचा घोट. मला यात मौज वाटते ती पंधरा मिनिटांची.

तुझ्या बाकीच्या शंका भराभर उरकते. पैसे लागत नाहीत. पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. बोलायची सक्ती नाही, ‘आज फक्त ऐकते’ म्हण. हेल्पलाइनवर विचारून घे: मीटिंग ओपन आहे (कुणीही येऊ शकतं) की क्लोज्ड (फक्त पिणं सोडू पाहणाऱ्यांसाठी), बायकांची वेगळी आहे का. ओपनला तुझी आई सोबत बसू शकते; तिच्यासाठी अल-अनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, पण ते तिचं तिला ठरवू दे. एएच्या बारा पायऱ्यांमधल्या ‘ईश्वर’ शब्दावर अडलीस ना? पुढचे शब्द वाच, ‘आम्हाला उमगला तसा’. तरी टोचत असेल तर स्मार्ट रिकव्हरी बघ, त्या गटात देवाचा विषय नसतो. एक गट नाही रुचला तर दुसरा, तिसरा. ऑनलाइन मीटिंग अडल्यानडल्याला ठीक आहे, पण तिथे खुर्च्या मांडायच्या नसतात. कळलं ना मी काय म्हणते ते?

एका गोष्टीत मात्र शहाणपणा करू नकोस. रोज पीत असशील तर आधी डॉक्टर. एकदम बंद केल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. त्यात जीवही जातो. तिथे जिद्द कामाची नाही.

‘तुम्ही न्यायला याल का?’ असं तू शेवटी लिहिलंयस. मी येत नसते. काही वर्षांपूर्वी अशीच एक पोरगी फोन करायची, ‘मावशी, घ्यायला या ना.’ मी म्हटलं, ज्याला सोडायचीय त्याने स्वतःच्या पायांनी यावं. यात चूक काय होतं? मला माझ्या भावाने दोनदा ओढत नेलं होतं, दोन्ही वेळा घरी येऊन प्यायले. तत्त्व बरोबरच होतं. ती आली नाही. पुढे तिचा फोनही लागेना. माझा त्यात दोष नव्हता हे मी कितीजणींना पटवून दिलंय! इतक्या वेळा का पटवावं लागलं, ते विचारू नकोस. आणि हो, बॉबना त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोनेच आणलं होतं. ते मी तेव्हा सोयीस्कर विसरले.

बरं. गुरुवारी पावणेसातला मी जिन्याखाली उभी असेन. फक्त पहिल्या दिवशी. सातला पाच कमी असताना आलीस तर भेटणार नाही, मी वर खुर्च्या मांडत असेन.

तुझी,
मावशी